हॅसलशॉची शुक्रवारची गाडी

मँचेस्टरच्या कडेला हॅसलशॉ नावाचं ठेसन आहे, आणि ते अजून आहे याचं खापर रेल्वे कंपनी एकाच बाईच्या डोक्यावर फोडते. मॅव्हिस केर्शॉ तिचं नाव. वय ऐंशीला टेकलेलं, अंगानं काटकुळी, जिभेनं दांडगी. ठेसनामागच्या लाल विटांच्या चाळीत जन्मली, लग्न होऊन दोन दारं पलीकडं नांदायला गेली, आणि नवरा वारल्यावर लेक म्हणाली की आता आमच्याकडं शहरात ये, तेव्हा "तुझ्या खिडकीतून रूळ दिसतात का?" एवढंच तिनं विचारलं. लेकीनं परत विषय काढला नाही.

पोरवयात ती टोप्यांच्या कारखान्यात कामाला जायची. तेव्हा ठेसनाला कळा होती. तिकिटाच्या खिडकीत एक माणूस, सामान उचलायला दुसरा, बायकांच्या खोलीत कोळशाची शेगडी, आणि ठेसनमास्तर असा तालेवार, की गुलाबांना खत घालताना पण डोक्यावरची टोपी काढायचा नाही. सकाळच्या गाडीला कारखान्याच्या पोरींची रांग पार पुलाच्या पायऱ्यांपर्यंत जायची. ती रांग कधी मोडली नाही. त्या मुलखात चोरी एक वेळ खपते, पण रांगेत मधे घुसलेल्या माणसाच्या मयताला सुद्धा लोक नाक मुरडत येतात.

मग लोकांनी टोप्या घालायचंच सोडलं. कारखाना बसला. दारोदार मोटारी आल्या. ठेसनाचं एकेक अंग गळायला लागलं. आधी हमाल गेला, मग शेगडी विझली, मग तिकिटाच्या खिडकीवर फळ्या ठोकल्या. पलीकडच्या फलाटाचे रूळ उपटले, पूल कापून भंगारात घातला. शेवटी उरली आठवड्याची एक गाडी, शुक्रवारी सकाळची. ती पण नुसती जायची. यायची गाडी नाहीच. गेलेल्यानं दोन बस बदलून घर गाठायचं.

आता ही एक तरी कशाला ठेवली म्हणाल, तर कायद्यानं ठेसन बंद करायचं म्हणजे जाहीर नोटीस, हरकती, सुनावण्या, सतरा भानगडी. त्यापेक्षा आठवड्यातून एक गाडी फिरवली की कागदावर ठेसन जितं. म्हातारीच्या तोंडात चमचाभर पाणी सोडायचं आणि ती कधी डोळे मिटतेय याची वाट बघत बसायचं, तसला प्रकार.

हे मॅव्हिसच्या ध्यानात आलं तेव्हापासून ती दर शुक्रवारी गाडीत बसायला लागली. काम काही नसायचं. पुढच्या गावात उतरायची, चहा घ्यायची आणि बसचे धक्के खात परत यायची. शेजारचा वॉल्टर एंटविसल, पेन्शनीत निघालेला पोस्टमन, हसायचा. तुझ्या एका बुडानं कंपनीचं काय वाकडं होणार, असं त्यानं विचारलं.

"रिकाम्या बाकापेक्षा एक बूड जड असतं," मॅव्हिस म्हणाली.

पुढच्या शुक्रवारी वॉल्टर चहाचा थर्मास घेऊन तिची गंमत बघायला आला, आणि मग येतच राहिला.

अशी बरीच वर्षं गेल्यावर कंपनीनं हिय्या केला. फाटकाच्या गजाला नोटीस लागली, की या ठेसनाचा वापर होत नाही, सबब ते बंद करण्याचं योजलं आहे. त्याआधी एका शुक्रवारी मोजणी होणार होती, आणि गाडीत चढेल तेवढंच माणूस धरणार होते. कंपनीचे लाँगडेनसाहेब चर्चच्या दालनात सभा घ्यायला आले. माणूस गोड. ठेसनाशी तुमच्या भावना गुंतल्यात हे आम्ही जाणतो, असं त्यांनी फिरवून फिरवून सांगितलं.

मॅव्हिस उठली. "भावना घरी ठेवून आलेय, साहेब. मला यायची गाडी पाहिजे."

त्यावर साहेबानं पाण्याचा पेला उचलला आणि सावकाश प्याला.

मोजणीपर्यंत मॅव्हिसनं एक दार सोडलं नाही. ज्यांच्याशी कुंपणावरून भांडण होतं त्यांच्याही दारात गेली. त्या शुक्रवारी फलाटावर अख्खं हॅसलशॉ लोटलं. बाबागाड्या घेतलेल्या आया, शाळेची पोरं, काठ्या टेकणारे म्हातारे, चर्चचे पाद्री. दोन डब्यांची गाडी आली, दारं उघडली. आत कंपनीची दोन माणसं, अंगठ्यानं दाबून मोजायची यंत्रं मुठीत धरून उभी.

आणि इथं घात झाला. सगळं गाव एकाच दारासमोर एका रांगेत उभं राहिलं. बाकीची दारं सताड उघडी, पण तिकडं जाणं म्हणजे रांग मोडणं. रांगेच्या तोंडाशी वॉल्टर. तो बाबागाडीवाल्या बाईला म्हणाला, आधी तुम्ही. ती म्हणाली, छे, तुम्ही माझ्या आधी आलात. पाद्र्यांनी शाळेच्या मास्तरणीला वाट दिली, मास्तरणीनं काठीवाल्याला, आणि काठीवाला म्हणाला की मला वेळ लागतो, माझ्यापायी कुणाचा खोळंबा नको. कसेबसे मूठभर लोक आत गेले आणि गार्डानं शिट्टी मारली.

मॅव्हिस सगळ्यांच्या शेवटी होती. घरधनीण मागून जेवते, तशी. दारं मिटायला लागलेली बघून ती रांगेतून निघाली, आणि जन्मात पहिल्यांदा अख्ख्या गावाला डावलून सरळ पुढं गेली. दाराच्या मधोमध पाठ लावून उभी राहिली. दार तिच्या खांद्यावर आदळलं आणि मागं सरकलं. दार अडलं की ती गाडी हलत नाही.

डेस्मंड गार्ड धावत आला. दर शुक्रवारची ओळख, त्याला दरडावता येईना. "केर्शॉबाई, बाजूला व्हा. गाडीला उशीर होतोय."

"हॅसलशॉला गाडीचा उशीरच चाललाय, डेस्मंड. माझं डोकं पांढरं झालं. अजून थोडा होऊ दे." मग ती रांगेकडं वळली. "आणि तुम्ही काय बघत बसलाय? रांग गेली खड्ड्यात. दिसंल त्या दारात घुसा."

एका बाईनं तर कानांवर हात ठेवले. पण पाद्री निघाले. शेजारच्या प्रत्येकाची माफी मागत, मान खाली घालून ते पलीकडच्या दारात शिरले, आणि मग धरण फुटावं तसं गाव आत गेलं. मोजणाऱ्यांचे अंगठे दुखेस्तोवर.

पुढच्या आठवड्यात लाँगडेनसाहेब तिच्या घरी आले. चहा घेतला. आकडा चांगला आल्यामुळं बंद करायचा विचार तूर्त सोडलाय, असं त्यांना सांगावं लागलं. पण गाडी अडवणं हा गुन्हा आहे, म्हणून यापुढं तिला ठेसनात यायला बंदी.

"घाला की बंदी," मॅव्हिस म्हणाली. "मी येणारच. मला अडवायला माणूस ठेवावा लागंल तुम्हाला. ठेवा. या ठेसनात रेल्वेचा माणूस बघायला डोळे आसुसलेत आमचे."

साहेबानं खरंच माणूस ठेवला. शुक्रवारी फाटकात एक जाडजूड, गणवेशातला गृहस्थ उभा. मॅव्हिस आली, मागं निम्मी चाळ. त्यानं हात आडवा केला.

"माझं बघू मागून," ती म्हणाली. "आधी त्या पोरीची बाबागाडी चढव आत. मग त्या म्हाताऱ्याला हात दे. एवढ्यासाठीच पगार असतो ठेसनातल्या माणसाला."

त्यानं बाबागाडी चढवली, म्हाताऱ्याला हात दिला, कुणी गाडीची वेळ विचारली ती सांगितली. कपाळ पुसत वळला तेव्हा मॅव्हिस खिडकीशी बसलेली होती.

"साहेबाला निरोप दे," ती आतून म्हणाली. "एक माणूस मिळाला, पोचला म्हणावं. आता यायची गाडी."