अक्काच्या गावाला निघालेला गाडा

आमची अक्का प्रवरेच्या पलीकडे दिली होती. उन्हाळ्यात नदी आटली की वाळू तुडवत गप्पा संपायच्या आत तिच्या दारात पोचावं, इतक्या जवळ. संध्याकाळी पलीकडच्या चुलींचा धूर वर चढायचा आणि आई म्हणायची, "त्यो बघ, अक्कानं चूल पेटवली." तेवढ्या धुरातून अक्काचा धूर तिला कसा ओळखू यायचा देव जाणे. मी हसायचे. आता माझ्याही मुली लांब दिल्यात आणि मला त्याचं हसू येत नाही.

ती एकोणीसशे चाळीसनंतरची वर्षं. स्वातंत्र्य दारात येऊन उभं आहे, असं नगरला हायस्कुलात शिकणारा माझा चुलतभाऊ सांगायचा. त्याला आम्ही दादा म्हणायचो. आमच्या दारात मात्र त्या उन्हाळ्यात पटकी आली, म्हणजे कॉलरा. सकाळी उलट्या सुरू झालेलं माणूस संध्याकाळपर्यंत हाती लागायचं नाही. गावानं नदीच्या उतारावर बाभळीच्या काटेरी फांद्या रचल्या, पलीकडच्यांनीही रचल्या. इकडचं माणूस तिकडे नाही, तिकडचं इकडे नाही, निरोपसुद्धा नाही. आणि अक्काला आठवा महिना लागला होता.

पहिलं बाळंतपण माहेरचं. आईनं मागची खोली सारवली होती, बाज कसून घेतली होती, डिंक आणून ठेवला होता. रोज उठून ती ती रिकामी खोली झाडायची. मला अक्का हवी होती. वेणी ओढणारी, माझ्या वाटचा गूळ खाऊन वर माझ्याच नावानं ओरडणारी अक्का. दुसरं काही मागणं नव्हतं माझं.

पटकी हटेना तेव्हा वडीलधाऱ्यांनी मरीआईचा गाडा काढायचं ठरवलं. हातभर लाकडी गाडा, त्यात शेंदूर फासलेली देवी, हिरवं खण-लुगडं, बांगड्या, दहीभाताचा नैवेद्य. हलगीच्या तालावर तो ओढत न्यायचा, पुढच्या गावाच्या शिवेत सोडायचा आणि मागं न बघता परतायचं. देवी गेली की तिच्यामागं रोगराई जाते. मग पुढच्या गावानं काय करावं? त्यांनी त्यांच्या पुढच्या गावाला न्यावा. इतकी सोयीची व्यवस्था होती की कुणाला तीत वावगं काही दिसत नव्हतं. आमचं पुढचं गाव म्हणजे अक्काचं गाव.

देवीला नाही म्हणायची आईची छाती नव्हती, आणि लेकीच्या दारात पटकी नेऊन सोडायचीही नव्हती. दादा आणि त्याचे दोस्त विहिरींत सरकारी लाल औषध टाकत हिंडत होते. बेलापूरहून आलेल्या डॉक्टरची सुई लोकांनी घ्यावी म्हणून आधी स्वतःचे दंड पुढे करत होते. म्हातारे म्हणायचे, "हिरीचं पानी बाटवलं पोरांनी, आता देवीला बाटवत्यात." दादा पारावर उभा राहून जंतूंवर बोलला. भाषण फर्मास झालं आणि एकही माणूस जागचा हलला नाही.

माझी मैत्रीण मनियाराची होती. तिची आई दोन्ही गावांत बांगड्या भरायला जायची. ती मला म्हणाली, "तुझा दादा लई शहाना हाय, पर जंतू कुनी बघितलाय? लेकी समद्यांनी बघितल्यात. पलीकडच्या निम्म्या सुना आपल्याच गावच्या."

मग आम्ही पोरी आळी-आळीनं निघालो. कुणी ताक मागायचं निमित्त केलं, कुणी विस्तवाचं. दारात उभं राहून साळसूद चेहऱ्यानं एवढंच विचारायचं, "मावशी, गाडा तुमच्या लेकीच्या गावाला चाललाय. काय निरोप द्यायचाय का?" कुणी शिव्या घातल्या, कुणी तोंडावर दार लावलं. एक बाई पीठ मळता मळता थांबली ती थांबलीच. आपल्या बोलण्यानं मोठ्या माणसांच्या आत काहीतरी हलतंय, हे मला आयुष्यात पहिल्यांदा त्या उन्हात कळलं. तसं वाटणं पुढं फारसं वाट्याला आलं नाही. त्याची मला अजून ओढ लागते.

मंगळवारी गाडा निघाला. वाळूत पोचल्यावर बायका ओटी भरायला पुढे झाल्या. आईनं रीतसर ओटी भरली, पदर पसरून नमस्कार केला आणि चाकांपुढं तापल्या वाळूत बसली. "आई, तुला काय पायजे ते हितं, आमच्या शिवंत देईन," ती देवीला म्हणाली. "पर माझ्या लेकीकडं तुला जाऊ देनार न्हाई." तिच्यामागं दुसरी बसली, मग तिसरी. म्हातारे कडाडले. वडील आभाळाकडं बघत राहिले. दोर ओढणाऱ्या पोरांनी दोर खाली ठेवले आणि गाडा तिथंच थांबला.

आता देवीला अडवल्यावर सुईला नाही म्हणायला तोंड उरलं नाही. बायकांनी दंड पुढे केले, पाणी उकळून गार व्हायला लागलं. पटकी हळूहळू ओसरली. काटे काढल्याबरोबर दादा बैलगाडी घेऊन अक्काला आणायला गेला. आईनं भाकरतुकडा ओवाळायला हाताशी ठेवला.

दादा रिकामी गाडी घेऊन परतला. त्यानं सांगितलं, तिकडूनही गाडा निघाला होता, आमच्या दिशेनं. अक्का एकटी, पोटुशी, त्याच्या वाटेत जाऊन बसली. "पलीकडं माझी आई हाय," एवढंच म्हणाली. मग तिथल्या तरण्या पोरांनी तिच्याभोवती कडं केलं आणि तो गाडाही अडला. घरी सासूनं सांगितलं, "देवीला अडवनारीला म्हायेर कशाला?" अक्का तिथंच बाळंत झाली. मुलगी झाली होती. दोघी सुखरूप होत्या.

पुढं दोन्ही गावांतून गाडा कधी निघाला नाही. ज्यांनी दोर खाली ठेवले तीच पोरं मोठी होऊन गावचा कारभार बघायला लागली. पण ते सगळं नंतरचं. त्या दिवशी आम्हाला एवढंच कळलं की अक्का येणार नाही.

आई दादाला खोदून खोदून विचारत राहिली. नात कुणावर गेलीय, अक्का वाळलीय का, केस गळतायत का. शेवटी तिनं डिंकाच्या लाडवांचा डबा त्याच्या हातात दिला आणि उंबऱ्यावरच खाली बसली.

"लेकीनं माझ्यासाठी देवी अडवली रं," ती म्हणाली. "मला तिच्यासाठी तिची सासू अडवता येईना."