कौतिक मास्तरांचे बोलके टायर

जळगावात गाडी चालवणाऱ्या निम्म्या लोकांना कौतिक मास्तरांनी शिकवलंय, असं म्हणतात. म्हणणारे बहुतेक मास्तरच. पण मेहरूण तलावाच्या रस्त्यावर सकाळी त्यांची पांढरी गाडी ड्रायव्हिंग स्कूलची पाटी मिरवत रांगत असायची आणि सायकलवाले मागून घंटी वाजवून पुढे जायचे, एवढं मात्र सगळ्या गावाने पाहिलेलं आहे.

गंमत अशी, की गाडी शिकवण्यात या माणसाचा जन्म गेला आणि तो सगळा डाव्या सीटवर गेला. उजवीकडे शिकणारा, डावीकडे मास्तर. त्यांच्या पायाशी एक जादा ब्रेक होता, उजवीकडच्या ब्रेकला सळईने जोडलेला. एकीकडे दाबला की दुसरीकडचाही खाली जाणार. कुठे टायर किंचाळला की मास्तरांचा पाय त्यांना न विचारता ब्रेकवर पडायचा. या पायाने किती म्हशी आणि किती दूधवाले वाचवले, देव जाणे. हे झोपेतही माझी पोटरी दाबतात, असं त्यांच्या घरच्या पुष्पाबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या.

शिकवणीच्या शेवटच्या दिवशी मात्र मास्तरांचा एक रिवाज होता. चपला काढायच्या आणि डाव्या सीटवर, पंगतीला बसल्यासारखी, मजेत मांडी घालायची. "आता गाडी तुझी," एवढंच म्हणायचं. खाली पाय नाही म्हणजे आपल्याला वाचवणारा ब्रेक नाही, हे शिकणाऱ्याला डोळ्यांनी दिसायचं. कोणाला घाम फुटायचा, एकदोघी तर रडल्याही. पण गाडी खरी शिकायचे ते त्याच दिवशी.

साठी जवळ आली तशी मास्तरांना एक गोष्ट आतून कुरतडायला लागली. आपण कधी गाडी चालवलीच नाही! म्हणजे भाजी आणायला चालवली, दोंडाईच्याला मेहुण्याकडे नेली, पण काटा कसा शहाण्यासारखा चाळिसाच्या आत. गाडी वळणावर कुठवर धरते हे गावाला समजावून सांगितलं, स्वतःला ठाऊक नाही. या गोष्टीची त्यांना लाज वाटायची, आणि लाज वाटते हे कोणाला सांगायचीही सोय नव्हती.

एका लग्नात पुनम भेटली. त्यांच्याकडेच गाडी शिकलेली पोरगी, आता पुण्यात इंजिनिअर. बोलता बोलता तिने सांगितलं, की इंदूरकडे गाड्यांच्या शर्यतीचा एक ट्रॅक हौशी लोकांना दिवसभरासाठी उघडून देतात. आपली गाडी न्यायची, हेल्मेट घालायचं, हवी तशी पळवायची. शर्यत नाही, बक्षीस नाही. ती दर वर्षी जाते आणि नवख्यांच्या शेजारी बसून त्यांना शिकवते. सर, तुम्ही या ना, म्हणाली. मास्तरांनी हसण्यावारी नेलं आणि दुसऱ्या दिवसापासून तिला फोन करकरून भंडावून सोडलं.

पहिला प्रश्न टायरचा. मास्तर आजवर दगडासारखे कडक टायर घ्यायचे, कारण शिकणारी पोरं ते फुटपाथला घासून घासून त्यांची चटणी करायची. ते टायर घालून येऊ नका, असं पुनमने बजावलं. मग मास्तर टायर घ्यायला धुळ्याला गेले. जळगावात घेतले असते तर संध्याकाळपर्यंत बोभाटा झाला असता; टायरची दुकानं चालवणारेही त्यांचेच विद्यार्थी.

आग्रा रोडवर तोतारामचं दुकान. त्याची गिऱ्हाइकं ट्रकवाली. गाडीवरची पाटी वाचून त्याने आपला ठरलेला प्रश्न टाकला: "मास्तर, कितला वरीस टिकाले पाहिजे?" टिकलं नाही तरी चालेल, धरलं पाहिजे, असं मास्तर म्हणाले. तोतारामने त्यांना खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि आतून एक वेगळाच टायर काढला. नवाकोरा, पण खाचा जवळपास नाहीतच. रबर इतकं मऊ की नख रुतेल. मास्तरांचं मन तिथेच अडकलं. त्यांनी उभ्या उभ्या पुनमला फोन लावला.

ती नको म्हणाली. तो टायर धरतो खूप, पण शेवटपर्यंत तोंडातून ब्र काढत नाही, आणि सुटला की एकदम सुटतो. नव्या माणसाला सावरायला वेळच मिळत नाही. त्यापेक्षा मधला घ्या, रोजच्याहून मऊ, कडेने मजबूत, पावसातही चालणारा. "टायर बोलका हवा, सर. घसरायच्या आधी त्याने ओरडून सांगितलं पाहिजे."

हे मास्तरांना मनापासून पटलं. आधी सूचना देणारा टायर म्हणजे अगदी त्यांच्याच वळणाचा. चारही चाकांना तेच घेतले. पुढचा सगळा घोळ या पटण्यातूनच झाला.

नव्या टायरवर रबराचे बारीक केस असतात. ते जपण्यासाठी मास्तरांनी फुटपाथलगत गाडी लावण्याचा धडाच बंद ठेवला. तेव्हा पुष्पाबाईंना संशय आला आणि मास्तरांनी सगळं कबूल केलं. त्या हसतील असं त्यांना वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "बठ्ठा जळगावले शिकाडं. आते सोता शिका."

ट्रॅकवर तपासणी झाली. आरशाचं लिंबू-मिरची उतरवायला लावलं. डावीकडचा ब्रेक पाहून तिथली माणसं पोट धरून हसली, पण गाडी आत सोडली. उजवीकडे मास्तर, डावीकडे पुनम, दोघांच्या डोक्यात हेल्मेट.

पहिलंच वळण आलं आणि टायर ओरडला. अजून जागा आहे, येऊ द्या, असं तो बिचारा सांगत होता. मास्तरांच्या पायाला ऐकू आलं, की म्हैस आडवी आली. ब्रेक! गाडीने मान टाकली, मागून येणारा वळसा घालून गेला. दुसऱ्या वळणाला तेच, तिसऱ्याला तेच. ब्रेक वळणाच्या आधी दाबायचा, वळणात नाही, असं पुनम सांगत राहिली. हे वाक्य मास्तरांनी स्वतः हजारदा सांगितलेलं होतं, तरी पालथ्या घड्यावर पाणी. जित्याची खोड ती. ओरडणारा टायर त्यांनी हौसेने निवडला आणि त्या ओरडण्यानेच त्यांचा पाय बांधून टाकला. दर वेळी डावीकडचा ब्रेकही खाली जायचा आणि पुनमच्या बुटाला ते कळायचं.

दुपारी लोक एकमेकांच्या टायरच्या कडा पाहत हिंडत होते. कडा झिजली की वळणावर माणूस खरा चालला, एवढा साधा हिशोब. मास्तरांच्या टायरच्या कडेचे केस जसेच्या तसे होते. ट्रॅकवर जायची शेवटची अर्ध्या तासाची पाळी तेवढी उरली होती. मास्तर गाडीत बसले, पण हेल्मेट मांडीवरच ठेवून.

"मला नाही जमणार बेटा. मी डावीकडचाच माणूस," ते म्हणाले.

पुनमने वाकून बुटांच्या नाड्या सोडल्या, बूट मागच्या सीटवर टाकले, पट्टा आवळला आणि सीटवर मांडी घातली.

"सर, आता गाडी तुमची."

कान सोनारानेच टोचावेत. इथे कान सोनाराचेच होते. मास्तरांनी हेल्मेट चढवलं. वळण आलं, टायर ओरडला, त्यांचा पाय ब्रेककडे उचलला गेला. मास्तरांची नजर एकदा डावीकडे गेली. तिथे दोन गुडघे दिसले, पाय दिसला नाही. मास्तरांचा पाय ब्रेक न दाबताच जागेवर परत आला. टायर लांबलचक ओरडत राहिला, मास्तर ऐकत राहिले आणि गाडी ते वळण सबंध फिरून बाहेर आली. मग पुढचं वळण, मग त्याच्या पुढचं. हेल्मेटच्या आत डोळ्यांना पाणी आलं, आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता.

पुढच्या सोमवारी मेहरूणला पुन्हा डावी सीट. शिंदखेड्याकडचे अभिमन आबा नातीला शिकवणीला घालायला आले होते. शेतकरी माणूस, बैल पाहावा तशी त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली आणि पुढच्या चाकापाशी थांबले. टायर नवा दिसतोय आणि कड पार गेलेली! शिकणाऱ्या पोरांची करणी असणार, असं त्यांनी धरलं.

"ह्या टायर कोनी घासात, मास्तर?"

एरवी मास्तर गिऱ्हाइकाशी शुद्ध बोलायचे. त्या दिवशी गावाकडची बोलीच तोंडात आली.

"मी," ते म्हणाले. "गाडी मी चालाडी."