आजोबांच्या डावीकडची जागा

जपानात निशी-कसाईच्या आमच्या घरापासून सायकलने दहा मिनिटांवर अराकावा नदीचा काँक्रीटचा काठ लागतो. मागे हायवे, डोक्यावर मेट्रोचा पूल आणि पलीकडे नजर जाईल तिथपर्यंत इमारती. अशा ठिकाणी कोण मासे धरत बसतं, असं सुरुवातीला मलाही वाटलं होतं. पण समुद्र जवळच आहे, भरतीचं पाणी पुलाखालून वर चढतं आणि त्याच्याबरोबर सुझुकी येतो. सुझुकी म्हणजे गाडी नव्हे, मासा. आमच्या रायगडच्या जिताड्याचा जरा सडपातळ चुलतभाऊ म्हणा. लहानपणी खाजणात जिताडा धरलेल्या माणसाला परदेशात तो भेटला की काय होतं, हे न धरलेल्याला सांगून कळणार नाही.

पुलाच्या तिसऱ्या खांबासमोर एक जपानी आजोबा बसायचे. दर शनिवारी घडीचं स्टूल, निळी बादली, काठावर टेकवलेल्या दोन गळकाठ्या आणि त्यांच्या टोकाला बारकी घंटी. मासा ओढू लागला की घंटी वाजते. खांबाला वळसा घालून येणारं पाणी तिथे खोल होतं, म्हणून जागा अव्वल. पहिलं वर्षभर मी त्यांच्यापासून तीसेक पावलांवर बसलो. जपानात कुणाच्या अंगावर जाऊ नये, हे मी ऑफिसात शिकलो होतो. दुसऱ्या वर्षी पंधरा पावलांवर आलो. तिसऱ्या वर्षी ते मान हलवून नमस्कार करू लागले, आणि चौथ्या वर्षी मी अखेर त्यांच्या डाव्या हाताला, दोन पावलांवर बसलो. बोलणं फार नाही. आज वारा आहे, आज पाणी गढूळ आहे, एवढंच. पण ती जागा मी कमावली होती आणि मला तिचा गर्व होता.

मग आमच्या टीममध्ये पुण्याचा एक मुलगा आला. मुलगा म्हणजे तिशीचा, नवीनच लग्न झालेला, अंडंसुद्धा न खाणारा. बायको यायला अजून सहा महिने होते आणि शनिवार-रविवार त्याला खायला उठायचे. मला दया आली. म्हटलं, चल नदीवर, हवा तरी खाशील. हे माझं मीच केलं, दुसऱ्या कुणाला दोष देता येत नाही.

पहिल्याच दिवशी तो आजोबांसमोर कमरेत वाकला आणि त्याला जपानीत येत असलेल्या चार वाक्यांतलं एक म्हणाला, “इथे बसलं तर चालेल का?” आजोबा म्हणाले, “बसा की.” आणि हा पठ्ठ्या माझ्या आणि त्यांच्या मधल्या दोन पावलांत बूड टेकवून मोकळा! मी चार वर्षं जे पावलापावलाने मिळवलं, ते याने एका वाक्यात घेतलं. आयत्या बिळावर नागोबा.

आमिष म्हणजे वळवळणारे समुद्री किडे. ते पाहून त्याचा चेहरा पांढरा पडला. त्याने टिश्यू पेपरमध्ये धरून किडा गळाला लावला, तेव्हा आजोबा हसले. चार वर्षांत मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. त्यांनी त्याचा हात धरून दाखवलं, कुठे टोचायचं, कसं फेकायचं. मला कधी काही दाखवलं नव्हतं, कारण मला येत होतं. येत असल्याचा मला तेव्हा पहिल्यांदा राग आला.

तिसऱ्या शनिवारी त्याची घंटी वाजली आणि त्याने हातभर सुझुकी बाहेर काढला. एवढा मला चार वर्षांत लागला नव्हता. “अभिनंदन” म्हणताना माझे दात एकमेकांवर घासले गेले. त्याने मासा आजोबांना देऊन टाकला, “मी खात नाही, तुम्ही घ्या,” आणि ते मलाच जपानीत सांगायला लावलं. हो, दुभाषा मीच होतो. माझं जपानी चांगलं, म्हणून दोघांच्या मैत्रीची हमाली माझ्याकडे.

त्याच दिवशी त्याने विचारलं, “दादा, आजोबांना विचारा ना, ते मूळचे कुठले?” मी विचारलं. आजोबा उत्तरेकडचे निघाले. त्यांच्या गावाच्या मधोमध नदी होती आणि पानगळीच्या दिवसांत साल्मन पुलाखालून वर चढायचे. नदीत साल्मन धरायला बंदी. शाळा सुटली की सगळी मुलं पुलाच्या कठड्याला पोट टेकवून नुसती बघत राहायची. त्यांचा धाकटा भाऊ प्रत्येक माशाला “ये, ये” म्हणून हाक मारायचा. तो आता नाही, असं म्हणून आजोबा थांबले. मी वाक्यामागून वाक्य मराठीत करत होतो. हा माणूस माझ्या शेजारी चार वर्षं बसला होता. मी कधी विचारलं नव्हतं, ही गोष्ट वेगळी. पण त्या क्षणी मला एवढंच दिसलं, की गोष्ट त्याला सांगितली, मला नाही.

पुढच्या शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत त्याने डबा उघडत विचारलं, “दादा, उद्या किती वाजता?”

मी म्हणालो, “अरे, एक सांगू का, वाईट वाटून घेऊ नकोस. आजोबा जरा नाराज आहेत. त्यांना गर्दी नको आहे. जपानी माणसं तोंडावर बोलत नाहीत, मला म्हणाले.”

खोटं इतकं सहज आलं, की मलाच नवल वाटलं. त्याचा घास हातात राहिला. “माझं काय चुकलं?” म्हणाला. मी खांदे उडवले.

दुसऱ्या दिवशी मी माझ्या जागेवर बसलो. आजोबांनी दोनदा मागे वळून रस्त्याकडे पाहिलं. “तुमचे मित्र बरे नाहीत का?” त्यांनी विचारलं. मी म्हणालो, काम आहे. पुढच्या शनिवारी त्यांनी पुन्हा विचारलं आणि मी पुन्हा काम सांगितलं. जागा माझी होती आणि मला ती गोड लागत नव्हती. तरीही मी खरं बोललो नाही.

तिसऱ्या शनिवारी तो आला. इस्त्रीचा शर्ट, हातात कागदात बांधलेला मिठाईचा खोका. इथे कुणाला त्रास झाला तर मिठाई घेऊन माफी मागायला जायचं, हे त्याला कंपनीच्या ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं, आणि या शहाण्याने ते मनावर घेतलं होतं. त्याने खोका दोन्ही हातांनी पुढे धरला, वाकला आणि पाठ केलेलं वाक्य म्हणाला, “तुम्हाला त्रास दिला, माफ करा.”

आजोबा गोंधळून उठले. माझ्याकडे बघून म्हणाले, “कसला त्रास? मी तर यांची वाट बघतोय. त्यांना सांगा.”

दोघं माझ्याकडे बघत होते. मी काहीही सांगू शकलो असतो. आजोबा म्हणतात ठीक आहे, आता निघा, असं म्हटलं असतं तर तो पुन्हा वाकून निघूनही गेला असता. शब्द जिभेवर आले होते. तेवढ्यात आजोबांनी आपलं स्टूल उचलून थोडं सरकवलं आणि माझ्या-त्यांच्या मधल्या काँक्रीटवर हाताने थोपटलं. त्याचं भाषांतर करायची गरज नव्हती.

तो थोपटणाऱ्या हाताकडे बघत राहिला, मग माझ्याकडे. “दादा, ते नाराज नव्हतेच ना?”

“नव्हते,” मी म्हणालो. “मला तुझं इथे बसणं सहन होत नव्हतं.”

तो चिडला असता तर बरं झालं असतं. तो हळू म्हणाला, “मग मला सांगायचं ना. मी त्यांच्या पलीकडे बसलो असतो.”

आजोबांची उजवी बाजू पूर्ण मोकळी होती. चार वर्षं मोकळी होती.

“काय म्हणाले ते?” आजोबांनी विचारलं. आणि मी सांगितलं, एक शब्दही न बदलता. माझं खोटं, दोन शनिवारांचं काम, पलीकडची बाजू, सगळं. जपानीत ते सांगायला फार वेळ लागला, कारण माफीची वाक्यं त्या भाषेत लांब असतात.

आजोबांनी ऐकून घेतलं. त्यांनी खोक्याचा कागद न फाडता सोडवला, एक मिठाई त्याला दिली, एक स्वतः घेतली आणि झाकण लावलं. चव्वेचाळीस वर्षांचा मी, इतकं सगळं उघडं पडल्यावरही बंद झाकणाकडेच बघत होतो.