बुधी धवलेरीची लगनाची गोळी

साखरशेतच्या बुधीनं किती लग्नं लावली ते तिचं तिलाही ठाऊक नाही. ती धवलेरी. तिच्या माणसांत लग्न धवलेरीनं गाऊन लावायचं. भटजी नको, पोथी नको, सगळं तोंडपाठ. नवरानवरीचं नाव मात्र ज्या जागी यायचं त्या जागी आलंच पाहिजे, नाहीतर लग्न लागलं कुणाचं?

तर गेल्या साली मोखाड्याकडच्या एका मांडवात बुधीनं नवऱ्याच्या जागी नवऱ्याच्या बापाचं नाव घेतलं. चूक तशी फार लांबची नव्हे. बापाचं लग्नही तिनंच लावलेलं, त्याच अंगणात. पण मांडव असा हसला की बँडवाले वाजवायचं विसरले. हसली नाही ती एकटी नवऱ्याची आई. ती उठली आणि आपल्या माणसाचा सदरा घट्ट धरून उभी राहिली, जणू तो आत्ताच दुसरी घेऊन चालला.

घरी आल्यावर सुनेनं, रंजनानं, हळूच विषय काढला. "आये, टीनाच्या लगनाला गंगीला सांगू का?"

गंगी खालच्या पाड्याची नवी धवलेरी, चाळिशीची, आवाज खणखणीत.

"माझ्या नातीचं लगीन गंगी लावंल, आन मी काय मांडवात लसूण सोलू?"

"पोरीचं लगीन एकदाच लागतं, आये. होळीनंतर हाय. तवर बघू."

त्या 'बघू'नं बुधीची झोप गेली. चुलीवर भाकर ठेवून ती विसरायची, शेजारणीच्या लेकरांची नावं एकमेकांना वाटून टाकायची, हे तिला माहीत होतं. कुणाला सांगितलं नव्हतं एवढंच.

मग एक दिवस रोहिणी नर्स रक्तदाब मोजायचं मशीन घेऊन पाड्यावर आली. बुधीच्या दंडाला पट्टा बांधला, फुगवला, आकडा बघितला, आणि पुन्हा फुगवला.

"आज्ये, मागं गोळ्या दिल्या होत्या. घेतेस ना?"

"घेते तं."

"कधी?"

"लगीन असलं म्हंजे."

रोहिणीला काही कळेना. तेव्हा बुधीचा म्हातारा देवजी आत गेला आणि आढ्याला टांगलेला सुक्या भोपळ्याचा तुंबा काढून आणला. ह्या तुंब्यात काकडीचं, दुधीचं बी राखायचं, उंदीर पोचत नाही. त्यानं तो उपडा केला. बियांबरोबर दोन सालांच्या गोळ्या पडल्या, बहुतेक पाकिटं न फाडलेली.

"दुखंल तवा खायला राखल्या," बुधी म्हणाली. "पर दुखतच नाय. मंग लगनाच्या दिशी एक खाते, नवं लुगडं नेसते तशी."

"दुखत नाही हीच तर ह्या वाढलेल्या रक्तदाबाची खोड आहे, आज्ये! हे काळीज म्हणजे विहिरीवरचा पंप. डोकं म्हणजे वरच्या पाड्याची टाकी. पंपानं सालोसाल जादा जोर मारला तर डोक्यातल्या बारीक नळ्या खराब होतात. मग टाकीत नावं राहतील कशी?"

"वरच्या पाड्याला अजून नळच नाय आला," बुधी म्हणाली. "त्यांच्या डोक्यात काय घागरीनं भरतात?"

देवजी हसून हसून खोकला. रोहिणीही हसली. पण मशीन आवरू लागली तेव्हा बुधीनं तिचा हात धरला. "गेलं ते परत येतं का गं?"

"ते नाही सांगता येत. पण आहे ते राखता येतं. रोज गोळी, रोज चालणं, मीठ कमी, आणि सुकी मासळी बंद."

पहिल्या तीन गोष्टी बुधीनं ऐकल्या. चौथी ऐकून देवजी ओरडला, "मासळी? माझं काळीज बरं हाय! मला कसली शिक्षा?"

"मी माझ्या घरात वास येऊ देनार नाय," बुधी म्हणाली, आणि त्या दिवसापासून देवजी शेजारच्या सोन्याकडे जेवणाच्या वेळेला बरोबर पोचू लागला. मात्र रोज सकाळी भाकरीवर गोळी ठेवून तोच द्यायचा, आणि शिरपामाळच्या वाटेनं दोघं चालायची. ती पुढं गात, तो मागं चुका काढत.

होळी झाली. टीनाचं लग्न आलं. बुधी गात गात नवऱ्याच्या नावापाशी पोचली आणि थांबली. नाव नव्हतं. काल होतं, सकाळी होतं, आता टाकी कोरडी. रंजनानं डोळे मिटले. बाजूला बसलेल्या गंगीनं तोंड उघडलं.

बुधीनं हात वर केला. "थांबा. माझी गोळी ऱ्हायली."

देवजीनं गोळी काढली. सकाळची गोळी घाईत खरंच राहिली होती. बुधीनं ती तोंडात टाकली आणि तांब्याभर पाणी एकेक घोट करून प्यायला घेतलं. घोट काही संपेनात. शेवटी नवऱ्याच्या आईचा धीर सुटला आणि तिनं आपल्या लेकावरच राग काढला, "हेमंता, नीट बस ना जरा!"

बुधीनं तांब्या खाली ठेवला आणि हेमंतचं नाव असं खड्या आवाजात घेतलं की बँडवाले दचकले.

"बघ, गोळीनं कसं काम केलं," नंतर ती लग्नाला आलेल्या रोहिणीला म्हणाली.

"एवढ्या लवकर गोळी कुठं चालते, आज्ये?"

"तू नको शिकवू मला."

मग तिनं गंगीला जवळ बोलावलं. "उद्यापासून रोज सकाळी आमच्यासंगं चालायला ये. मी गाईन, तू पाठ कर. आन पुढच्या लगनाला मला लागून बस. नाव अडलं तं चिमटा काढ."

"आन मंग मी?" देवजीनं विचारलं.

"तू मासळी खायला जा."

गंगी हसली, आणि सरकून बुधीला चिमटा काढता येईल एवढ्या अंतरावर बसली.