बाईच्या हातचं पॅनेल

किस्से मी गोळा करत नाही, गिऱ्हाईकच दारात ठेवून जातं! शेळगावात आमच्या पडवीत मी कंट्रोल पॅनेलं बनवते. कुणाच्या घरी लोखंड कातायचं लेथ असतं, कुणाकडं लाकूड कापायचं मशीन. त्याची बटणं, स्विच, सगळी वायरिंग लोखंडी पेटीत बसवून द्यायची. हे काम बाई करते, हेच लोकांना पटत नाही. म्हणून पेटीच्या दारावर मी माझं नाव टाकते. टाकणारच!

*

बारामतीच्या एकानं पेटी उघडून बघितली आणि आमच्या ह्यांच्या पाठीवर थाप मारली. "वायरिंग काय झकास केलीय, राव!"

हे म्हणाले, "मी पेटीला नुसती भोकं पाडतो."

*

दुसऱ्या एकाचा फोन. "मॅडम, जरा इंजिनियरकडं फोन द्या."

मी फोन ह्या कानाचा त्या कानाला लावला. "हां, बोला!"

*

पहिलं पॅनेल मी घरच्याच एका मशीनसाठी, प्लास्टिकच्या डब्यात केलं होतं. शेजारची बोअरची मोटार सुरू झाली की आमचं मशीन आपोआप हलायचं. धातूचा डबा घेऊन त्याला अर्थिंग दिलं की ही कटकट जाते. घरात मापाचा डबा एकच, सासूबाईंचा पापडाचा. त्यांना मी आत्या म्हणते.

आत्या तीन दिवस बोलल्या नाहीत. चौथ्या दिवशी येऊन विचारलं, "चाललं का गं मशीन?"

"चाललं की!"

"मग पापड तुझ्या साड्यांच्या कपाटात ठिवलेत."

*

खंडेनवमीला वरकुट्याच्या एका तात्यांनी मशीनची पूजा केली. पेटीचं दार उघडून आत हळदीकुंकू, वर तांब्याभर पाणी! पॅनेल गेलंच.

"तात्या, आत पाणी कशाला घातलंत?"

"मग नुसत्या फुलांवर सण भागतो व्हय?"

दुरुस्त करून दिलं, पण दाराला कुलूप घातलं. किल्ली दसरा झाल्यावर दिली.

*

आणि सोमेश्वरनगरचे आबा! रिटायर्ड फिटर, घरी स्वतःचं लेथ. पॅनेल न्यायला आले आणि दारावरचं नाव वाचून तिथंच अडले. "बाईच्या हातचं माझ्या लेथला लावणार न्हाय. नाव खोड, मग बघू."

माझं डोकंच फिरलं. "नाव खोडणार न्हाय, आबा. मेन स्विच बंद हाय. काढा सगळ्या वायरी, परत जोडून चालवून दाखवते!"

आबांनी खरंच एकूण एक वायर उपसली, वर हातानं कालवली. "आता जोड!"

प्रत्येक वायरीच्या टोकाला मी नंबर घालते. जिथं ती बसायची, तिथंही तोच नंबर. मी स्क्रूड्रायव्हर उचलला आणि आत्यांच्या हातात दिला.

आत्या तिसरी शिकलेल्या. चष्मा लावून मांडी घालून बसल्या. "सातची सातात... आठची आठात..." आबा मिशीवर हात फिरवत उभे. शेवटची वायर बसली, मी सगळं एकदा तपासलं, ट्रायलची मोटार जोडली आणि मेन चालू केला. आत्यांनी हिरवं बटण दाबलं. मोटार गर्रकन फिरली!

आबा वाकून दारावरचं नाव परत वाचायला लागले.

आत्या चष्मा पुसत म्हणाल्या, "एका बाईच्या हातचं नको म्हणत हुतासा न्हवं? घ्या, आता दोघींच्या हातचं झालं!"