उलट्या जिन्याचं शिखर

“उलटे चाललात! अहो, उलटे! आजच्या दिवशी तरी नको, खाली या आधी!”

खाली हिरवळीवर उभी राहून माझी बायको ओरडत होती. आवाज असा, की आयोवातल्या मक्याच्या कणसांनी माना वळवून बघितलं असेल. आणि मी होतो एका चर्चच्या शिखरावर. शिखराच्या आत नव्हे, बाहेर. त्या शिखराला बाहेरून जिना गुंडाळलेला आहे, चकलीसारखा, वर जावं तसा अरुंद होत जाणारा. एका अंगाला तांब्याचा पत्रा, दुसऱ्या अंगाला कमरेएवढा कठडा आणि त्याच्यापलीकडे थेट अमेरिका. शिखर माझ्या डाव्या हाताला होतं. म्हणजे मी एका देवाच्या घराला उलटी प्रदक्षिणा घालत वर निघालो होतो. ते हिला खालून दिसत होतं, मला दिसत नव्हतं. मी हातातल्या फोनकडे बघत होतो.

आमच्या कोलंबसच्या मराठी मंडळात माझं बोलणं निम्मं करून ऐकायची पद्धत आहे. मी मासा सांगितला की लोक कोळंबी धरतात. पण हे निम्मं करू नका. यातलं मला स्वतःलाच अजून नीट कळलेलं नाही, आणि न कळलेल्या गोष्टीत मीठमसाला घालायचा तरी कुठे?

त्या दिवशी पहाटे ओमाहाहून जावयाचा, निखिलचा, फोन आला. आमची एकुलती एक लेक रुचा हॉस्पिटलमध्ये होती. दिवस भरायला अजून बरेच आठवडे होते आणि तिचं बीपी काही केल्या उतरत नव्हतं. आज उतरलं नाही तर बाळ काढावं लागेल, आणि दोघांनाही धोका आहे, असं डॉक्टर म्हणाले होते. वादळामुळे फ्लाइट कॅन्सल. आम्ही कोलंबसशेजारच्या डब्लिनमधल्या घराला कुलूप लावलं आणि गाडी काढली. हिनं फक्त एक डबा बरोबर घेतला, डिंकाच्या लाडवांचा. बाळंतिणीसाठी ऐनवेळी घाई नको म्हणून तिनं ते आधीच करून ठेवले होते, आणि आता इंडियाना, इलिनॉय अशी राज्यंच्या राज्यं मागे पडली तरी तिचं एकच चाललं होतं, “मी आधीच कशाला केले हो? बाळ यायच्या आत कुणी लाडू वळतं का?” मी मोठ्यानं हसत होतो. मी घाबरलो की मोठ्यानं हसतो. तेव्हा मी इतका हसलो की टोलनाक्यावरची बाईसुद्धा हसली.

दिवसभर निखिलचे मेसेज येत होते. संध्याकाळी आयोवाच्या पश्चिम टोकाला शेवटचा आला: “ऑपरेशनला ओटीत नेतायत.” आणि त्यानंतर सिग्नलच गेला. आमच्या पुढूनच वादळ गेलं होतं. हायवेवर विजेचे खांब आडवे, पोलिसांनी सगळ्या गाड्या एका खेड्यात वळवल्या. अख्ख्या गावात सिग्नल नाही. रस्ता मोकळा होईपर्यंत थांबा म्हणाले, आणि थांबायची जागा म्हणजे हे चर्च. आत कॉफी आणि केक मांडला होता. अमेरिकेत काहीही कोसळलं की आधी कॉफी आणि केक मांडतात.

आत गेलो आणि मी जरा चक्रावलोच. खेडं म्हणजे काय, एक धान्याचं कोठार आणि एक पेट्रोल पंप. त्यात हे राजवाड्याचं पोर. दाराशी एक पाटी होती. डेन्मार्कहून आलेल्या शेतकऱ्यांनी कोपनहेगनमधल्या जुन्या, नक्षीदार बरोक शैलीतल्या चर्चची आठवण म्हणून हे बांधलं होतं, त्यांच्या ऐपतीप्रमाणे लहान. इमारतीच्या चारी भुजा सारख्या, अधिकच्या चिन्हासारख्या. आतून पांढरंशुभ्र. उंच खिडक्या. वेदीवर लाकडी ढग, त्यांतून फुटणारे सोनेरी किरण आणि त्या ढगांतून गडगडत खाली येतायत असे गुबगुबीत देवदूत. छताला एक शिडाचं जहाज टांगलेलं. जवळचा समुद्र दोन दिवसांच्या गाडीरस्त्यावर, आणि हे लोक देवळात जहाज टांगून बसलेत! डॅनिश लोकांची ती रीतच आहे म्हणे; दर्यावर गेलेल्यांसाठी.

पण ही जहाज बघत नव्हती. ही मागच्या बाजूला उभी होती, जिथे ऑर्गन होता. ऑर्गन म्हणजे आपल्या पेटीचा खापरपणजोबा, भिंतभर उंच नळ्यांचा. आणि तो सगळा डोलारा उचलून धरला होता दोन हत्तींनी. चर्चमध्ये हत्ती! लाकडात कोरलेले. कोरणाऱ्यानं जन्मात हत्ती बघितला नसावा. कान डुकराचे, डोळे गायीचे आणि सोंड म्हणजे शेताला पाणी द्यायचा पाइप. पण हिनं हात जोडले होते. मग डबा उघडून एक लाडू तिनं हत्तीच्या पायाशी ठेवला. मला ते बघवेना. माझा देवावर विश्वास नव्हता असं नाही, पण तो सिग्नलवर जास्त होता. मी आयुष्यभर पंपांचा इंजिनियर. उंचावर गेलं की प्रेशर मिळतं, तसा सिग्नलही मिळेल, असं माझं गणित. जिन्याचं दार उघडं होतं. चढणं ज्याच्या त्याच्या जबाबदारीवर, अशी पाटी होती. मी सुटलो.

हिची हाक ऐकली तेव्हा मी अर्ध्याच्या वर गेलो होतो. “उलटे” म्हणजे काय ते आधी कळेना. मग बघितलं. शिखर डावीकडे. लेक ओटीत आणि बाप देवाला डावी घालतोय! एरवी मी असल्या गोष्टींची टिंगल करतो, आमच्या डब्लिनच्या देवळात चप्पल कुठल्या पायातली आधी काढावी यावर मी पंधरा मिनिटं विनोद केलेले आहेत. पण त्या क्षणी मी चढायचा थांबलो. वळावं म्हणून मी खाली बघितलं, आणि वळणं तिथेच राहिलं.

मी कठड्याला मिठी मारली. वारा असा की मिशी एका गालावरून दुसऱ्या गालावर गेली. शिखर डोलत होतं. इंजिनियर म्हणून सांगतो, शिखरं डोलत नाहीत, पण ते डोलत होतं. आणि नेमका तेव्हा फोन एकदाच थरथरला. निखिलचा मिस्ड कॉल, त्याखाली एक व्हॉइसमेल. मी दाबतोय, ती उघडत नाही. सिग्नल आला तसा गेला. माझ्या लेकीचं काय झालं ते माझ्या मुठीत होतं आणि मला ऐकू येत नव्हतं. निखिल मेसेज पाठवणारा मुलगा. तो बोलतो कधी? फार चांगलं झालं तर, नाहीतर फार वाईट. मी प्रार्थना करायला गेलो तर तिथेही गोंधळ. गणपतीला हाक मारावी तर घर दुसऱ्याचं, आणि घरच्या मालकाशी आपली ओळख नाही. शेवटी म्हणालो, जो कोणी घरात असेल त्यानं या. मला काही येत नाही.

“खाली बघू नका, हनी. माझ्या टोपीकडे बघा.”

खालच्या वळणावरून एक बाई वर येत होती. माझ्याहून वयानं मोठी, दणकट, अंगात जांभळा रेनकोट, डोक्यावर लोकरीची टोपी. त्या अरुंद जिन्यात ती मावली कशी हे एक कोडंच. मी ओरडलो, “मला सिग्नल पाहिजे! माझी मुलगी ऑपरेशनला आहे!”

“वर मिळणार नाही. टॉवर पडलाय,” ती म्हणाली. “आधी बसा. हां. आता बसूनच एकेक पायरी.”

मग ती माझ्याकडे तोंड करून, उलट्या पावलांनी उतरू लागली आणि मी लहान मुलासारखा बसून घसरू लागलो. आणि ती बोलत राहिली. कोपनहेगनचं मूळ चर्च पाणथळ जागेवर भर घालून बांधलं, म्हणाली. चर्च झालं तरी पन्नासेक वर्षं त्याला शिखरच नव्हतं. “पन्नास वर्षं! लोक तसेच यायचे, तशीच प्रार्थना करायचे. काही अडलं नाही.” हत्ती का? तर डॅनिश राजाचा सर्वात मोठा मान हत्तीचा. ज्याला द्यायचा त्याच्या गळ्यात सोन्याचा हत्ती. शिखर झाल्यावर राजा स्वतः वरपर्यंत चढला आणि तोफा उडाल्या. “आणि ते शिखर बांधणारा? त्याच्याबद्दल लोक सांगतात की जिना उलटा फिरला म्हणून त्यानं वरून…” इथे ती थांबली. माझ्या चेहऱ्याकडे बघितलं. “खोटं आहे ते. अंथरुणात मेला. चला, पुढची पायरी.”

मी खदखदून हसलो. आणि हसता हसता माझा उजवा हात पत्र्यावर टेकला. उजवा! उतरताना शिखर उजवीकडे आलं होतं. चढताना जी उलटी होती ती उतरताना सुलटी झाली होती. मी सगळा जन्म चढायच्या नादात काढला. कॉलेज, व्हिसा, प्रमोशन, मोठं घर. देव उजवीकडे आला तो बुडावर घसरताना, फोन खिशात टाकल्यावर, कुणा अनोळखी बाईच्या टोपीकडे बघत. माझ्या हातात काही नाही हे मला त्या वेळी पहिल्यांदा कळलं, आणि गंमत म्हणजे हात हलके वाटले.

खाली आलो तर ही हिरवळीवर नव्हती. चर्चच्या ऑफिसात जुना तारेचा फोन चालू होता. तिथल्या एका आजोबांनी तिला आत नेलं होतं. ती बाहेर आली ती रडत आणि हसत, आणि मला कुठलं खरं धरावं कळेना. “बोला की!” मी किंचाळलो. “मुलगी झाली,” ती म्हणाली. “चिमणीएवढी आहे. काचेच्या पेटीत ठेवलीय, पण श्वास तिचा ती घेतेय. रुचा बोलली माझ्याशी. आई, लाडू आणलेस का म्हणाली.”

मी तिथेच गवतात बसलो आणि ओक्साबोक्शी रडलो. बराच वेळ. भान आल्यावर त्या बाईचे पाय धरावेत म्हणून शोधायला गेलो. ती नव्हती. आजोबांना विचारलं तर ते म्हणाले, “जांभळा रेनकोट? ती तुमच्याबरोबरची ना?” मी म्हणालो, “तुमच्याकडची ना?” आमच्यासारखीच रस्त्यात अडकलेली कुणी असेल आणि पोलिसांनी रस्ता सोडल्यावर गेली असेल. असेलच. हत्तीच्या पायाशी लाडू नव्हता, तो झाडणाऱ्यानं उचलला असेल. मी पुढे त्या कोपनहेगनच्या चर्चबद्दल मिळेल ते वाचलं. तिनं सांगितलेलं जवळजवळ सगळं खरं निघालं, अगदी तो गडी अंथरुणात मेला तेसुद्धा. मी कशाचाच अर्थ लावत नाही. ज्यानं कोणी त्या संध्याकाळी आमचं घर सांभाळलं, त्याच्या पायांवर माझं डोकं आहे. पाय कुणाचे हे त्याचं त्याला माहीत. मला एवढंच उमगलं की हाक मारायची, आणि मग कोण येतं याची पत्रिका बघायची नाही.

पुढे नात घरी आल्यावर मी हे सगळं रुचाला सांगितलं. दुपारची वेळ, ती सोफ्यावर, बाळ तिच्या मांडीवर. मी उभा राहून हातवारे करून सांगत होतो. शिखर तोवर दुप्पट उंच झालं होतं आणि वाऱ्यानं एक गाय उडवली होती. शेवटी हातवारे थांबवून मी तिच्यासमोर बसलो. मी म्हणालो, “रुचा, ती बाई कोण असेल, तूच सांग.”

रुचानं माझ्याकडे बघितलं, मग बाळाकडे.

“बाबा, हिला जरा धर,” ती म्हणाली. “मला बाथरूमला जायचंय.”