इंदो चिन्नोंगच्या घरातली लाल रेघ

पाहुणे आले की आधी पाय फाकवायचे. एक पाय रेघेच्या अलीकडे, एक पलीकडे. मग मान वाकडी करून हसायचे आणि सोबतचा माणूस फोटो काढायचा. कुणी मंत्र्याच्या कचेरीतले, कुणी कॉलेजातले, कुणी नवं लग्न झालेले. चेहरे वेगळे, पण पाय सगळ्यांचे सारखेच फाकत. इंदो चिन्नोंग चुलीपाशी बसून ते पाहत असे आणि मनात म्हणे, एवढ्या लांबून आले, आणि आल्यावर सुचलं काय, तर हे.

इंदो म्हणजे आई. लाप्पाए वाडीत सगळेच तिला इंदो म्हणत, पण मायेने कुणी म्हणत नसे. तिच्या जिभेला सगळे घाबरून होते. सत्तरी ओलांडलेली बाई, पाठ सरळ, दात विड्याने काळे. तिचं घर लाकडी, उंच खांबांवरचं, सेबातिक बेटाच्या बरोबर कमरेवर. बेटाची वरची बाजू मलेशियाची, खालची इंडोनेशियाची. तिची बैठकीची खोली एका देशात आणि स्वयंपाकघर दुसऱ्या देशात, असं लोक म्हणत. तिच्या फळ्यांच्या जमिनीवर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जाड लाल रेघ होती. ती काही इंग्रजांनी मारलेली नव्हती. वाडीचा प्रमुख हाजी माप्पे याने एके वर्षी कुठलेसे बडे साहेब येणार म्हणून उरलेल्या होडीच्या रंगाने ती मारली होती. तिला विचारलंसुद्धा नव्हतं. तेव्हापासून इंदो रोज सकाळी नारळाच्या शेंड्या आणि राख घेऊन ती रेघ घासायची. होडीचा रंग तो, खाऱ्या पाण्याला हटत नाही, तर राखेला काय हटणार!

खरी रेघ मारणारे त्याहून थोर. सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वी इंग्रज आणि डच लंडनमध्ये एका टेबलाशी बसले आणि चार अंश दहा कलांवर पट्टी ठेवून बेटाचे दोन तुकडे केले. दोघांनाही इथला डास चावलेला नव्हता. पुढे त्यांची माणसं रानात येऊन सिमेंटचे ठोकळे पुरून गेली आणि रानाने ते गिळून टाकले. इंदोचा बाप समुद्रापलीकडच्या सुलावेसी बेटावरल्या बोनेहून होडीने आला तेव्हा ती आईच्या मांडीवर होती. बापाने रान जाळलं, तर राखेत एक ठोकळा निघाला. त्यावर आकडे कोरलेले होते. बापाला वाचता येत नव्हतं. त्याने ठोकळ्याला कड बरी आहे म्हणून त्यावर नारळ फोडायला सुरुवात केली. इंदोच्या मते, त्या ठोकळ्याचा आजवर कुणाला झालेला उपयोग तेवढाच.

ती दहाबारा वर्षांची असताना दोन देशांचं बिनसलं. रानात सैनिक आले. अलीकडचे म्हणत, पलीकडच्यांना केळी विकाल तर खबरदार. पलीकडचे म्हणत, अलीकडच्यांना वाट दाखवाल तर खबरदार. रात्री दोन्हीकडचे येऊन तिच्या बापाची केळी फुकट खाऊन जात. मग एक दिवस भांडण मिटलं, सैनिक गेले, आणि केळीच्या बागेत सालींचा खच तेवढा राहिला. "दोन देश भांडले," इंदो सांगायची, "आणि हगवण आमच्या बागेला लागली." लग्न झाल्यावर नवऱ्याने, आंबो तांगने, ठोकळ्याच्या शेजारीच हे घर उभं केलं. ठोकळा तिथे आहे म्हणून नव्हे. तिथे पाणी साचत नाही म्हणून.

तर हे असं चाललं होतं. मग नवी मोजणी आली.

मोजणीचा साहेब तरुण होता, जकार्ताचा, नाव अर्दियानस्याह. डोक्यावर टोपी, पाठीवर यंत्र, बोलणं लोण्यासारखं. त्याने दोन दिवस तिच्या अंगणात तिकाटणं रोवून काहीबाही केलं आणि तिसऱ्या दिवशी हाजी माप्पेला घेऊन जिना चढून वर आला.

"इंदो, ठोकळा थोडा चुकीच्या जागी होता," तो म्हणाला. "खरी सीमा या लाल रेघेवरून जात नाही. तिकडून जाते. तुमच्या चुलीखालून."

इंदोने चुलीकडे पाहिलं, मग हाजीकडे.

"म्हणजे इतकी वर्षं हे सगळे भलत्याच ठिकाणी पाय फाकवत होते?"

हाजी खोकला.

"आणि आता दोन्ही सरकारांचं ठरलंय," साहेब पुढे म्हणाला, "सीमेच्या दोन्ही बाजूंना मोकळी पट्टी ठेवायची. पट्टीत घर चालणार नाही. हे उतरवावं लागेल. सोमवारी यंत्र येईल."

"उतरवावं म्हणजे?"

"पाडावं," हाजी घाईने म्हणाला. "पण घाबरू नकोस. सरकार सिमेंटचं घर देतंय. पत्र्याचं छप्पर. खाली फरशी. मी स्वतः बोललोय वरती."

"तू वरती बोललास की काय होतं ते माझ्या जमिनीवर दिसतंय," इंदो म्हणाली. "तुझ्या सिमेंटच्या खुराड्यात तुझी सासू ठेव. माझं घर पडणार नाही. सरकेल."

साहेबाला कळलं नाही. हाजीला कळलं आणि तो हसला.

बोनेहून आलेल्या या बुगी लोकांचं घर जमिनीत पुरलेलं नसतं. खांब सपाट दगडांवर टेकलेले असतात, सांधे लाकडी खुंट्यांनी बसवलेले असतात, खिळा जवळजवळ नसतोच. त्यामुळे घर हलवायचं तर पाडत नाहीत. खांबांना आडवे बांबू बांधतात, सगळी वाडी त्याखाली खांदा देते आणि घर आहे तसं उचलून नेते. मधला एक खांब घराची नाभी. त्याला कापड गुंडाळलेलं असतं. नव्या जागी त्याचा दगड सगळ्यांत आधी मांडायचा आणि त्यावर तो आधी टेकवायचा, मग बाकीचे. इंदोच्या घराच्या नाभीला आंबो तांगने लग्नाच्या दिवशी बांधलेलं कापड अजून होतं. तो मेल्यावर धुरकटून काळं झालं होतं, पण तिने सोडलं नव्हतं. घर पाडलं की ते सुटणार.

"सरकेल, पण उचलणार कोण?" हाजी म्हणाला. "पन्नाससाठ खांदे लागतील. आणि घरमालकाने दारोदार जाऊन बोलवावं लागतं, इंदो. गोड बोलून. तू?"

तो हसत खाली उतरला. त्याच्या हसण्यात तथ्य होतं, आणि तेच इंदोला जास्त झोंबलं. या वाडीत असं एकही घर नव्हतं ज्याला तिने कधी ना कधी दारात उभं राहून सोललं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती निघाली. पहिलं दार दाएंग पास्सेचं. हा होडीवाला, पलीकडे मलेशियातल्या तावाउ बंदरात केळी पोचवायचा. इंदोने त्याला भर बाजारात केळीचोर म्हटलं होतं, आणि तो चोरही होता.

"रविवारी घर उचलायचंय," इंदो म्हणाली.

दाएंग पास्से जाळं विणत होता. त्याने वर पाहिलं नाही. "माझं काय काम? मी तर चोर."

"तुझ्या अकलेचं काम नाही. खांद्याचं आहे. तो अजून कुणी चोरला नसेल तर घेऊन ये."

"याला बोलावणं म्हणतात होय, इंदो?"

"मग काय तुझ्यापुढे फुलं टाकू? तुझं घर ओढ्याकाठून वर आणलं तेव्हा पुढचा बांबू कुणाच्या खांद्यावर होता?"

पास्सेचे हात थांबले. "आंबो तांगच्या."

"आठवडाभर उताणा झोपता आलं नाही त्याला. तुझी बायको एक वाटी तेल घेऊन आली नाही."

"बायको आली असती," पास्से म्हणाला, "पण तुम्ही दारात होतात ना."

असंच दारोदार झालं. कुणी हसलं, कुणी तोंड फिरवलं, एका म्हातारीने तर आतूनच "झोपलेय" म्हणून ओरडून सांगितलं. इंदोने कुणालाही गोड शब्द दिला नाही. फक्त प्रत्येक दारात एकच विचारलं, तुमचं घर हललं तेव्हा पुढचा बांबू कुणाकडे होता? उत्तर सगळीकडे एकच आलं.

शेवटी ती ला बेद्दूकडे गेली. घरं बांधणारा आणि हलवणारा म्हातारा, त्याच्या हाकेशिवाय वाडीत घर उचललं जात नसे. त्याने विचारलं, "कुठल्या देशात न्यायचं?"

"खालच्या. आणि देशप्रेम म्हणून नाही. वर तेलताडाची लागवड आहे, झाडांखाली साप आणि अंगावर धूळ. केळीच्या बागेपलीकडे चढ आहे तिथे ठेव. पाणी साचत नाही."

रविवारी सकाळी माणसं आली. इंदोने ओट्यावर उभं राहून पाहिलं. बोलावलेले जवळजवळ सगळे आले होते, न बोलावलेलेही. मेलेल्या माणसाच्या नावावर आले, माझ्या नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. नारळाच्या दुधात शिजवून केळीच्या पानात बांधलेला बुरासा आणि आंबट मासे तिने पहाटेपासून रांधले होते. "आधी खा," ती म्हणाली. "उपाशी उचललंत तर वाटेत टाकाल. खाऊनही टाकलंत तर निदान लाज वाटेल."

बांबू बांधले गेले. घरातली मडकी, बश्या, आरसा बाहेर काढला. इंदो मात्र नाभीच्या खांबाला पाठ लावून आत बसली.

"इंदो, उतरा," ला बेद्दू खालून म्हणाला. "वजन होतं."

"माझं वजन तुमच्या जिवावर आधीपासूनच आहे. उचला."

म्हाताऱ्याने लांब हाक दिली. साठ गळ्यांनी हाकेला उत्तर दिलं, आणि घर दगडांवरून सुटलं. इंदोला आतून वाटलं ते होडी किनारा सोडते तसं. भिंती करकरल्या. दारातून केळीची पानं हळूहळू सरकू लागली.

एवढ्यात हाजी माप्पे आला. कर्णा घेऊन. मागे मोजणीचा साहेब, एक कॅमेरावाला आणि काठीला बांधलेला झेंडा. कॅमेरावाला कुणी पाठवला ते हाजीलाच माहीत. घर सीमेवरून मायदेशात येतंय, असा फोटो त्याला हवा होता. तो घरापुढे उभा राहून कर्ण्यातून कचेरीच्या भाषेत ओरडला, "थांबा! खाली ठेवा! फोटो घ्यायचाय!"

पुढच्या रांगेने ऐकलं. कर्ण्याचं ऐकायची सवय झालेली रांग ती. मागची रांग ला बेद्दूच्या हाकेची वाट पाहत राहिली. घर पुढे झुकलं, कुणीतरी किंचाळलं, आणि मग जीव वाचवायला सगळ्यांनीच ते खाली टेकवलं. पट्टीतून ते अजून बाहेर पडलं नव्हतं. खाली दगड नव्हते. नाभीचा खांब उघड्या मातीत वीतभर रुतला.

ला बेद्दूने डोक्यावरची टोपी काढली. माणसांनी बांबूखालून खांदे काढून घेतले.

"काय झालं?" साहेबाने विचारलं.

"नाभी मातीला टेकली," पास्से म्हणाला. "आता घर इथलंच. एक पीक निघेपर्यंत हलवायचं नाही. हलवलं तर घरातलं माणूस जातं."

"पण इथे ठेवता येणार नाही. उद्या यंत्र येतंय. मी काहीच करू शकत नाही," साहेब म्हणाला, आणि ते खरंच होतं. त्याच्यासारख्यांना काहीच करता येऊ नये, याच सोयीसाठी त्यांना नेमलेलं असतं. हाजीने कर्णा पाठीमागे लपवला होता.

इंदो दारात आली. खाली साठ माणसं मान खाली घालून उभी होती. यांना आता शिव्या देऊन काही होणार नाही, हे तिला दिसत होतं. ही माणसं भीतीने गोठली होती, आणि भीती तिच्याच जिवाची होती. गोड बोलायची हीच वेळ होती. तिने तोंड उघडलं.

"तुझी नाळ कुठे पुरलीय रे, पास्से?"

"माझी? इथेच."

"तुझ्या बापाची?"

"बोनेत."

"आणि ला बेद्दू, तुझी?"

"बोनेत," म्हातारा म्हणाला.

"माझीही बोनेतच. आईने घराच्या पायरीखाली पुरली होती. मग आलात कसे समुद्र ओलांडून? पुरलेली नाळ मागे टाकून, सगळ्या बायकापोरांसह? तेव्हा पिकाची वाट पाहिलीत का? मेलात का?" ती श्वास घ्यायला थांबली. "सगळा समुद्र ओलांडणाऱ्यांच्या पोटी ही पैदास. वीतभर मातीत रुतली की गेली! जायचंच असेल तर मी जाईन. तुमच्या घरात कुणी जाणार नाही. आणि मी गेले तर वाडीला सुख आहे, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे."

कुणीतरी फिसकन हसलं. मग आणखी कुणी.

ला बेद्दूने टोपी पुन्हा घातली. "हिचं तोंड वाईट आहे," तो म्हणाला, "पण बोनेचं म्हणते ते खरं आहे." तो हाजीपाशी गेला, त्याच्या हातातून कर्णा काढून घेतला आणि केळीच्या बुंध्याशी उपडा ठेवला. मग हाक दिली.

खांब मातीतून निघताना चिखलाचा आवाज झाला. पुढचा बांबू दाएंग पास्सेच्या खांद्यावर होता. इंदो परत नाभीला टेकून बसली. बसल्या बसल्या तिचा हात मागे त्या काळ्या कापडावर गेला, आणि घर दगडांवर टेकेपर्यंत तो तिथेच राहिला. बाहेरून कुणाला ते दिसलं नाही.

खाली उतरल्यावर ती एवढंच म्हणाली, "वाकडं ठेवलंत." मग प्रत्येकाच्या पानात दुसऱ्यांदा बुरासा वाढला.

आता घर चढावर आहे, सगळंच्या सगळं एका देशात. ठोकळा, चुलीच्या जुन्या जागेवरची खरी रेघ, मोकळी पट्टी, सगळं केळीच्या बागेपलीकडे राहिलं. तिथे गवत वाढलं आहे आणि कुणी फिरकत नाही. पण हाजी माप्पे पाहुणे आणतोच. त्यांना दोन देशांतलं घर पाहायचं असतं, आणि घराच्या जमिनीवर होडीच्या रंगाची लाल रेघ आहे तशी आहे. इंदो ती आता घासत नाही. शेंड्या आणि राख भांड्यांना लागतात.

परवाच कुणी मोठे गृहस्थ आले होते. एक पाय अलीकडे, एक पलीकडे ठेवून त्यांनी छाती फुगवली. "इंदो, आता मी कुठल्या देशात आहे सांगा?"

"तुम्हीच सांगा," इंदो म्हणाली. "तुम्ही शिकलेले." आणि चुलीत लाकूड सारलं.